आजोबांच्या नावाच्या दोन बाटल्या

नाताळच्या सुमारास आमच्या वसईकडील गावांत परदेशातून पाहुणे येऊ लागतात. कोणी आखातातून, कोणी कॅनडातून, कोणी अमेरिकेतून. त्यांच्या सामानात मुलांसाठी चॉकलेटे असतात आणि वडीलधाऱ्यांसाठी बहुधा एखादी बाटली. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्याने अशाच एका नाताळात दोन बाटल्या आणल्या आणि जरा संकोचाने विचारले, ''काका, एक महाग आहे, एक बेताची. महागडीचे पैसे फुकट तर गेले नाहीत ना?'' दोन्ही बाटल्या बर्बन ह्या अमेरिकन व्हिस्कीच्या होत्या. एकीचे नाव 'बेसिल हेडन', दुसरीचे 'ओल्ड ग्रँड-डॅड', म्हणजे 'म्हातारे आजोबा'. दुसऱ्या बाटलीवर एका वृद्ध गृहस्थाचे चित्रही होते.

पुतण्याचा प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर शोधताना आम्ही अमेरिकेतील कॅथोलिक समाजाच्या इतिहासात जाऊन पोहोचलो. कारण त्या दोन बाटल्या दोन निरनिराळ्या माणसांच्या नावाच्या नव्हत्या. ते म्हातारे आजोबा म्हणजेच बेसिल हेडन होते, आणि हा बेसिल हेडन आपल्यासारखाच एक कॅथोलिक शेतकरी होता. मद्याची भलावण करणे हा ह्या लेखाचा हेतू नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आमच्याही वाड्यात आहेत, आणि त्या घरांतल्या आयांचे चेहरे आम्ही विसरलेलो नाही. परंतु जी वस्तू आपल्या घरांत भेट म्हणून येते, जिच्यावर कष्टाचा पैसा खर्च होतो, ती कोठून आली आणि तिच्यावरील शब्दांवर कितपत विश्वास ठेवावा, हे जाणून घेणे गैर नव्हे.

मेरीलँडचे कॅथोलिक

इंग्लंडमध्ये कॅथोलिकांचा छळ होत असताना १६३४ साली अमेरिकेच्या किनाऱ्यावर मेरीलँड ही वसाहत स्थापन झाली. कॅथोलिकांना तेथे मोकळेपणी श्वास घेता यावा, हा तिच्या संस्थापकांचा एक हेतू होता. १६४९ साली तेथे सर्व ख्रिस्ती पंथांना सहिष्णुतेने वागविणारा कायदाही झाला. परंतु पुढे सत्ता पालटली. १७०४ च्या कायद्याने धर्मगुरूंना उघडपणे मिस्सा अर्पण करण्याची बंदी झाली आणि १७१८ साली कॅथोलिकांचा मताधिकार गेला. स्वतःच वसविलेल्या भूमीत हे लोक दुय्यम ठरले आणि घरातल्या खोल्यांत मिस्सा ऐकून त्यांनी श्रद्धा टिकवली.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाबरोबर ही बंधने सैल झाली. परंतु तंबाखूच्या पिकाने मेरीलँडची जमीन थकली होती. पर्वतांपलीकडे केंटकी प्रदेशात सुपीक जमीन स्वस्तात मिळते, असे वर्तमान येत होते. १७८५ साली बेसिल हेडनच्या पुढाकाराने पंचवीस कॅथोलिक कुटुंबे मेरीलँड सोडून केंटकीस निघाली. १७९२ साली केंटकी स्वतंत्र राज्य झाले, आणि त्याच वर्षी ह्या वस्तीत होली क्रॉस, म्हणजे पवित्र क्रुसाचे, चर्च उभे राहिले. अ‍ॅलिगेनी पर्वतांच्या पश्चिमेचे ते पहिले कॅथोलिक चर्च मानले जाते. १७९३ साली बाल्टिमोरचे बिशप जॉन कॅरोल ह्यांनी स्टीफन बॅदिन ह्या फ्रेंच तरुणाला गुरुदीक्षा दिली. संयुक्त संस्थानांत गुरुदीक्षा मिळालेला हा पहिला धर्मगुरू. त्याची पहिली मोठी कामगिरी केंटकीचीच होती.

१८०८ साली पोप सातवे पायस ह्यांनी बाल्टिमोरच्या धर्मप्रांतातून चार नवे धर्मप्रांत निर्माण केले. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि बार्डस्टाउन. पहिली तीन नावे जगाला ठाऊक आहेत. चौथे मात्र केंटकीतील एक लहानसे गाव होते आणि आजही लहानच आहे. बिशप बेनेडिक्ट जोसेफ फ्लाजे १८११ साली तेथे पोहोचले, १८१६ मध्ये संत जोसेफच्या कथीड्रलचे बांधकाम सुरू झाले आणि १८१९ मध्ये त्याचा अभिषेक झाला. १८४१ साली धर्मप्रांताचे ठाणे लुइव्हिल शहरात हलले, तरी ते जुने कथीड्रल अजून उभे आहे. आजूबाजूच्या परिसराला 'केंटकीची पवित्र भूमी' असे लोक प्रेमाने म्हणतात. आणि हेच बार्डस्टाउन स्वतःला जगाची बर्बन-राजधानी म्हणवून घेते! हा योगायोग नव्हे.

मक्याचे सोने

ह्या कुटुंबांनी जंगल तोडून मका लावला. मका भरघोस आला, पण तो विकायचा कोठे? पूर्वेचे बाजार पर्वतांपलीकडे होते, वाटा बिकट होत्या. धान्याची पोती घोड्यावर लादून नेली तर वाहतुकीचा खर्च किमतीला गिळून टाकी. धान्य आंबवून, भट्टीवर गाळून त्याची व्हिस्की केली, की तोच माल थोडक्या जागेत मावे, नासत नसे आणि कोठेही खपे. नाणी दुर्मिळ असलेल्या त्या प्रदेशात व्हिस्की हे चलनच झाले. आपल्याकडे ज्याप्रमाणे ताडामाडाच्या झाडावर घरे चालली, त्याप्रमाणे तेथे मक्यावर आणि भट्टीवर घरे चालली.

१७९१ साली केंद्र सरकारने ह्या गाळपावर कर बसविला. १७९४ मध्ये पेन्सिल्व्हेनियात शेतकऱ्यांनी बंड केले, तर केंटकीच्या शेतकऱ्यांनी तो कर मुकाट्याने चुकविला. शेवटी १८०२ साली तो रद्द झाला. पुढे १८३० च्या दशकात जेम्स क्रो नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने तापमापकासारखी उपकरणे वापरून ह्या अनुभवजन्य कारागिरीला शास्त्राची शिस्त लावली. आदल्या घाण्यातील आंबट चोथापाणी पुढच्या घाण्यात मिसळण्याची रीत त्याने पक्की केली. विरजण लावणाऱ्या आपल्या गृहिणींना ती निराळी सांगायला नको.

ह्या चित्राची एक काळी बाजूही आहे. ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे शेत आणि ह्या भट्ट्या केवळ मालकांच्या घामावर चालल्या नाहीत. कृष्णवर्णीय गुलामांचे श्रम त्यांत होते, आणि त्यांची नावे कोणत्याही बाटलीवर आली नाहीत. छळाला कंटाळून आलेले कॅथोलिकही दुसऱ्या माणसाला विकत घेण्यास कचरले नाहीत. केंटकीतील काही धर्मभगिनींच्या संघांकडेही गुलाम होते. त्या संघांनी २००० साली एकत्र येऊन ह्या पापाबद्दल जाहीर क्षमा मागितली. आजोबांच्या चित्राकडे पाहताना हेही लक्षात असलेले बरे.

खोटी व्हिस्की आणि खरा कायदा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, शहरे वाढली आणि व्हिस्की तयार करणारा व ती पिणारा ह्यांची एकमेकांशी ओळख राहिली नाही. दुकानदार पिंपातून माल काढून देई. पिंपात काय आहे, हे त्यालाही ठाऊक असेलच असे नव्हते. 'रेक्टिफायर' म्हणविणारे व्यापारी स्वस्त, बेचव मद्यार्क घेत, त्यात जाळलेल्या साखरेचा रंग, आलुबुखारचा रस आणि नाना अर्क मिसळीत व 'जुनी व्हिस्की' म्हणून विकत. १८७० साली लुइव्हिलच्या जॉर्ज गार्विन ब्राउन ह्याने आपली व्हिस्की केवळ मोहोरबंद बाटल्यांतूनच विकण्याचे ठरविले. परंतु एकाच्या सचोटीने बाजार सुधारत नाही.

कर्नल एडमंड हेन्स टेलर आणि अर्थखात्याचे मंत्री जॉन कार्लाइल ह्यांच्या प्रयत्नांनी ३ मार्च १८९७ रोजी 'बॉटल्ड-इन-बाँड' कायदा संमत झाला. त्याच्या अटी आजही मोजक्या आणि स्पष्ट आहेत. व्हिस्की एकाच भट्टीची हवी, एकाच हंगामात गाळलेली हवी, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे ठेवलेली हवी, आणि तिची तीव्रता शंभर प्रूफ, म्हणजे ५० टक्के मद्यार्क, हवी. ती कोणत्या भट्टीत गाळली, हे लेबलवर सांगितलेच पाहिजे. त्या काळी गोदामाला सरकारी कारकुनाचे कुलूप असे आणि बाटलीच्या तोंडावर हिरवी मोहोरपट्टी. ह्या कायद्याने व्हिस्की उत्तम आहे असे कधीच म्हटले नाही. लेबलवर जे लिहिले आहे तेच बाटलीत आहे, एवढीच हमी त्याने दिली. आमच्या मते मोल हमीचेच असते. चव ज्याने त्याने ठरवावी.

अन्नातील भेसळीविरुद्ध झगडणारे डॉ. हार्वे वाइली ह्यांच्या चळवळीतून १९०६ साली शुद्ध अन्न व औषधांचा कायदा झाला. मग 'व्हिस्की म्हणजे नक्की काय?' हा वाद थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेला. १९०९ च्या अखेरीस अध्यक्ष टाफ्ट ह्यांनी निकाल दिला, की मिश्र व्हिस्कीनेही व्हिस्की म्हणवून घ्यावे, परंतु आपण मिश्र आहोत हे लेबलवर कबूल करावे. आपल्याकडील वाचकांना हा वाद हास्यास्पद वाटत असेल, तर त्यांनी २०१५ सालचा जून महिना आठवावा. मुंबईतील मालवणी येथे विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. ती बहुतेक हातावर पोट असलेली माणसे होती. बाटलीत काय आहे हे ठाऊक नसणे, ह्याची किंमत नेहमी गरीबच मोजतो.

बंदीची वर्षे

१९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेत संपूर्ण दारूबंदी होती. कॅथोलिक समाजात दारूमुक्तीची परंपरा त्यापूर्वीचीच होती. आयर्लंडचे फादर थिओबाल्ड मॅथ्यू १८४९ मध्ये अमेरिकेत आले आणि त्यांनी असंख्य लोकांना मद्यत्यागाची शपथ दिली. १८७२ मध्ये कॅथोलिकांची राष्ट्रीय मद्यत्याग संघटनाही स्थापन झाली. ह्या मंडळींनी स्वेच्छेचा मार्ग घेतला होता. सरकारने सक्तीचा घेतला. बंदीच्या काळात मिस्साच्या द्राक्षारसाला कायद्याने सूट होती, आणि व्हिस्की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध म्हणून मिळे. अशा औषधी व्हिस्कींत आमच्या म्हाताऱ्या आजोबांचीही बाटली होती.

बंदी उठली, दुसरे महायुद्ध झाले, आणि ४ मे १९६४ रोजी अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बन हे अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचे जाहीर केले. अन्य देशांतील मद्याला ते नाव लावता येत नाही. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले, त्याची आठवण येथे होते.

लेबल कसे वाचावे

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे वळू. बर्बन म्हणविण्यासाठी धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो. उरलेल्यात बहुधा राय आणि मोड आणलेले जव असतात. ती नव्या, आतून जाळून काळ्या केलेल्या ओकच्या पिंपातच मुरली पाहिजे. पिंपात भरताना मद्यार्क ६२.५ टक्क्यांहून अधिक नसावा, बाटलीत ४० टक्क्यांहून कमी नसावा. 'स्ट्रेट' हा शब्द असेल तर ती किमान दोन वर्षे मुरलेली असते. चार वर्षांहून कमी असेल तर वय लिहावेच लागते. लिहिलेले वय हे मिश्रणातील सर्वांत तरुण व्हिस्कीचे असते. उलट 'स्मॉल बॅच', म्हणजे लहान घाणा, ह्या शब्दांना कायद्यात कोणतीही व्याख्या नाही. ते निव्वळ विक्रेत्याचे शब्द आहेत.

किंमत कशाने वाढते? पिंप दरवेळी नवे घ्यावे लागते. शिवाय केंटकीच्या कडक उन्हाळ्यात पिंपातील मद्य लाकडातून हळूहळू उडून जाते. त्याला तेथील लोक 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. दोनशे लिटरचे पिंप घेतले आणि दरवर्षी ४ टक्के घट धरली, तर चार वर्षांनी सुमारे १७० लिटर उरते, आठ वर्षांनी १४४, वीस वर्षांनी जेमतेम ८८. म्हणून वयाबरोबर भाव चढतो. परंतु नव्या लाकडात फार काळ राहिलेली बर्बन कडवट, तुरटही होते. म्हणून मधल्या वयाची, मधल्या किमतीची बाटली ही पुष्कळदा तडजोड नसून योग्य निवड असते.

१९७० नंतर बर्बनचा खप घसरला. गोदामांत माल पडून राहिला आणि त्या काळी बेताच्या किमतीतही चांगली मुरलेली व्हिस्की मिळे. १९८४ मध्ये एका पिंपाचीच व्हिस्की भरलेली 'ब्लँटन्स' आली, १९९२ मध्ये 'बेसिल हेडन' आली, आणि हळूहळू फॅशन फिरली. मागणी वाढली तशी जुन्या मालाची टंचाई झाली, आणि लेबलांवरून वयाचे आकडे गळू लागले. 'बेसिल हेडन'वरील आठ वर्षांचा उल्लेख २०१४ च्या सुमारास गेला. 'एलायजा क्रेग'वरील बारा वर्षांचा २०१६ मध्ये गेला. 'मेकर्स मार्क'ने फेब्रुवारी २०१३ मध्ये मद्यार्क ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले, तेव्हा ग्राहकांनी इतका संताप व्यक्त केला की थोड्याच दिवसांत कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला. लेबल वाचणारा ग्राहक काय करू शकतो, ह्याचे हे उदाहरण.

दोन्ही बाटल्यांची पारख

१८८२ साली बेसिलच्या नातवाने, रेमंड हेडनने, आपली भट्टी काढली आणि व्हिस्कीला आजोबांच्या आठवणीत 'ओल्ड ग्रँड-डॅड' असे नाव दिले. १९८७ मध्ये ते नाव जिम बीम कंपनीकडे आले. पाच वर्षांनी त्याच कंपनीने त्याच आजोबांच्या खऱ्या नावाने नवी, देखणी, अधिक महाग बाटली काढली. दोहोंतील धान्याचे प्रमाण एकच आहे, आणि दोहोंतही राय नेहमीपेक्षा अधिक असते. पुतण्याने आणलेल्या स्वस्त बाटलीवर मात्र 'बॉटल्ड-इन-बाँड' असे छापलेले होते. म्हणजे ५० टक्के मद्यार्क, किमान चार वर्षांची मुदत. महागडीत ४० टक्के, आणि वयाचा उल्लेख नाही.

आम्ही कागदावर हिशेब केला. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पहिलीत ३७५ मिलिलिटर मद्यार्क, दुसरीत ३००. स्वस्त बाटलीत पाणी घालून ती महागडीइतकी सौम्य केली, तर तिची सुमारे ९३७ मिलिलिटर होईल. म्हणजे महाग बाटलीत आपण काही अंशी पाण्याचे पैसे देतो.

परंतु केवळ हिशेबावर निकाल देऊ नये, म्हणून नाताळच्या दुसऱ्या दिवशी जेवणापूर्वी घरातील चार वडीलधाऱ्यांसमोर दोन्ही मद्ये बोटभर ओतून ठेवली. कोणती कोणती, ते एकट्या पुतण्याला ठाऊक. प्रथम वास, तोंड किंचित उघडे ठेवून, म्हणजे मद्यार्काचा झटका नाकाला बसत नाही. मग नुसता एक घोट. मग चमचाभर पाणी घालून दुसरा. तिघांनी 'आजोबां'ना कौल दिला. मिऱ्याचा तिखटपणा, व्हॅनिला आणि जळलेल्या साखरेचा गोडवा त्यात अधिक ठसठशीत होता. चौथे होते आमचे मोठे बंधू. त्यांना दुसरी आवडली, कारण ती घशाला लागत नव्हती. त्यांचेही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला सौम्यच हवी, त्याने सौम्य घ्यावी. परंतु महाग म्हणून ती सरस, असे मात्र मानू नये.

काना गावच्या लग्नातील कारभाऱ्याची आम्हांला त्या दिवशी आठवण झाली. द्राक्षारस कोठून आला, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने आधी चाखला आणि मग मत दिले. आपण बहुधा उलटे करतो. आधी किंमत पाहतो आणि मग चाखतो.

भारतात बर्बनवर दीर्घकाळ १५० टक्के आयातशुल्क होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते १०० टक्क्यांवर आणण्यात आले. त्यावर राज्याचे कर. अर्थात तेथील मध्यम किमतीची बाटली येथे चैनीची वस्तू होते. म्हणून आमचा सल्ला असा, की कोणी प्रेमाने आणली तर लेबल वाचून, किमतीचा विचार बाजूला ठेवून घ्यावी. येथे मात्र तिच्यासाठी घरखर्चाला हात लावू नये.

बार्डस्टाउनपासून जवळच गेथसेमनीचा ट्रॅपिस्ट मठ आहे. १८४८ साली फ्रान्सहून आलेल्या संन्याशांनी तो वसविला. थॉमस मर्टन १९४१ मध्ये ह्याच मठात आले, आणि १९६८ मध्ये भारताची यात्रा करून पुढे गेल्यावर बँकॉक येथे निवर्तले. त्यांचे थडगे गेथसेमनीतच आहे. हे मौनप्रिय संन्यासी आजही चरितार्थासाठी फज नावाची मिठाई करून विकतात, आणि तिच्यात थोडी केंटकीची बर्बन घालतात. वस्तूचा वापर कोठे थांबवावा, हे ह्या संन्याशांना उमगले आहे.

पुतण्या परत गेला तेव्हा दोन्ही बाटल्या निम्म्याहून अधिक भरलेल्या होत्या. त्याने विचारले, ''पुढल्या नाताळला कोणती आणू?'' आमच्या वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ''तू ये म्हणजे झालं.''